शोभेचा ब्रेक

"मामा, लाल की पिवळा?"

रंगाच्या बाबतीत माझं मत कोणी विचारल्याचे प्रसंग माझ्या आयुष्यात फार थोडे. लग्नातला शालू आईनं निवडला, घराचा रंग सोसायटीनं ठरवला आणि बँकेत तर इनमिन दोन शाया, निळी आमची आणि हिरवी साहेबांची. त्यामुळे गेल्या चैत्रात एका सकाळी भाच्यानं फोन करून हा प्रश्न विचारला, तेव्हा मी चहाचा कप खाली ठेवून सावरून बसलो. त्याच्या लग्नाचं खोपोलीला जमत आलं होतं. साडीचा मामला असणार हे ओळखून मी वडीलकीच्या आवाजात म्हणालो, "त्या मुलीलाच विचार बाबा. नेसायची तिला आहे."

पलीकडे जरा वेळ शांतता पसरली.

"मामा, साडीचं नाही. कॅलिपरचं विचारतोय. ब्रेकच्या."

मी बी.कॉम. आहे. व्हर्निअर कॅलिपर नावाचा एक चिमटा मला शाळेच्या प्रयोगशाळेत भेटला होता आणि त्याच्याच भीतीनं मी कॉमर्सला गेलो. तो असा तीस वर्षांनी फोनवरून पुन्हा गाठेल असं वाटलं नव्हतं. पण भाच्याचा कॅलिपर वेगळा निघाला. चाकाबरोबर फिरणारी एक लोखंडी थाळी असते, तिला डिस्क म्हणायचं. त्या थाळीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारा जो पंजा, तो कॅलिपर. आपण पाय दाबला की नळीतलं ब्रेक ऑइल रेटा देतं, पंजातला दट्टा पुढे सरकतो, पॅड थाळीला घासतात आणि गाडी थांबते. सायकलच्या ब्रेकचाच हा श्रीमंत चुलतभाऊ.

आता हा पंजा असतो चाकाच्या आत. पूर्वी चाकावर टोपी असायची, आत कोण राहतं ते कुणाला दिसत नसे. पुढे अलॉय व्हील आली आणि पाच-सहा काड्यांच्या फटीतून आतलं सगळं घर रस्त्यावरून दिसायला लागलं. घर दिसायला लागलं की रंगरंगोटी आलीच.

भाचा चाकणच्या एका कारखान्यात कामाला आहे. त्यानं एक जुनी, पण पळणारी गाडी घेतली होती. पळणारी म्हणजे काय, तर ती उभी असतानासुद्धा पळाल्यासारखी दिसते. कर्ज आमच्या बँकेचं नाही, हे आधीच सांगून टाकतो; उगाच चौकशी नको. तर या गाडीच्या ब्रेकला रंग कोणता द्यावा, आणि रंगच द्यावा की सगळा ब्रेकच बदलून मोठा बसवावा, असा त्याच्यापुढे पेच होता. त्यानं मला माहितीची एवढी पानं पाठवली की वाहनकर्जाच्या अर्जालासुद्धा इतकी जोडत नाहीत.

त्यातून कळलं की रंगाचंही एक शास्त्र आहे. जर्मनीची पोर्शे कंपनी साध्या गाडीच्या कॅलिपरला साधारण काळा रंग देते. जास्त ताकदीच्या गाडीला लाल. पिवळा असेल तर आतली थाळी लोखंडाची नसून सिरॅमिकची आहे असं समजायचं. ती लोखंडी थाळीच्या निम्म्या वजनाची असते आणि किंमत मात्र निम्मी नसते. पांढरा असेल तर थाळीवर टंगस्टन कार्बाइडचा थर आहे. आणि पोपटी असेल तर गाडी हायब्रिड, म्हणजे पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. थोडक्यात, आपल्याकडे जसं रेशनकार्ड, पिवळं, केशरी, पांढरं. फरक इतकाच की तिथे पिवळा सगळ्यात श्रीमंताचा.

इटलीत बर्गामो शहराजवळ १९६१ साली ब्रेम्बो नावाची कंपनी निघाली. ती १९७५ साली फेरारीच्या शर्यतीच्या गाड्यांना ब्रेक पुरवू लागली आणि पुढे तिचं नाव म्हणजे ब्रेकमधलं घराणंच झालं. या घराण्याचा दुचाकीचे ब्रेक बनवणारा एक कारखाना चाकणलाही आहे. म्हणजे आमच्या आंदर मावळातून सकाळी भाकरीचा डबा घेऊन निघावं आणि पहिल्या पाळीला पोचावं इतक्या अंतरावर. लाल कॅलिपर आता पोर्शेपुरताही राहिला नाही. ह्युंदाईनं २०२१ साली आय-ट्वेंटी एन लाईन काढली, तिच्या पुढच्या चाकांतही तो लाल पंजा आला. एकदा मध्यमवर्गाच्या दारात एखादी गोष्ट आली की तिचं लोण आमच्या टाकव्यापर्यंत यायला किती वेळ?

भाच्यापुढच्या योजना चार. पहिली, नुसता रंग. दीडेक हजारात काम. दुसरी, चांगले पॅड आणि ताजं ब्रेक ऑइल. तिसरी, त्याच्या जोडीला भोकं पाडलेली डिस्क आणि रबराऐवजी स्टीलच्या जाळीची नळी. आणि चौथी, महायोजना: मोठी डिस्क आणि एका दट्ट्याऐवजी चार किंवा सहा दट्ट्यांचा पंजा. हिची किंमत माझ्या तीन पगारांएवढी. पगार सांगायची पद्धत नाही, पण वाचकांनी फार मोठा आकडा धरू नये.

"याच्यानं गाडी लवकर थांबते का रे?" मी विचारलं.

भाचा प्रामाणिक आहे. म्हणाला, "एकदाच करकचून दाबला तर फारसा फरक नाही, मामा. शेवटी थांबवतो तो टायर. तो जेवढा रस्त्याला धरील तेवढंच. पण पुन्हा पुन्हा दाबायची वेळ आली, तर मोठी डिस्क लवकर तापत नाही. लहान तापते आणि मग धरत नाही."

"आणि रंगानं?"

"रंगानं काहीच नाही."

इथे मला माझी तात्त्विक अडचण सुरू झाली. गाडीतले बाकीचे सगळे अवयव 'चला' म्हणणारे आहेत. इंजिन 'चला' म्हणतं, गिअर 'चला' म्हणतो, हॉर्न तर दुसऱ्यालाही 'चला' म्हणतो. 'नाही' म्हणणारा एकटा ब्रेक. मी बँकेत कर्जविभागाच्या टेबलावर बसतो. माझंही काम तेच. बावीस वर्षं मी लोकांना 'नाही' म्हणत आलो, कधी कागद अपुरे म्हणून, कधी जामीनदार अपुरा म्हणून, कधी नुसतं जेवणाची सुट्टी झाली म्हणून. पण मला कोणी लाल रंग दिला नाही, आणि मी मागितलाही नाही. 'नाही' म्हणणाऱ्यानं नटू नये, असं माझं मत. संयम ही अंगाच्या आत ठेवायची वस्तू. उपास करावा आणि तो शेजाऱ्याला कळू नये. (साबुदाण्याच्या खिचडीच्या वासानं कळतो ही गोष्ट निराळी.)

हे सगळं मी रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे कुलूप दाराला आतून लावायचं म्हणता?"

"त्याचा काय संबंध?"

"बाहेरून दिसतं म्हणून तर चोर पुढच्या घरी जातो. न दिसणारं कुलूप काय कामाचं?"

मी म्हणालो, "कॅलिपरचा रंग बघून समोरचा ट्रक बाजूला होत नाही."

"मग तुम्ही बँकेत टाय कशाला बांधता? तुमच्या टायला बघून कोणी हप्ता भरतो का?"

विसाव्या वर्षी मी हिला पाहायला गेलो असतो तर एवढं बोलते हे कळलं असतं. अठ्ठाविसाव्या वर्षी गेलो, तेव्हा मी स्वतःच बोलत होतो.

पण एका मुद्द्यावर आमचं दोघांचं एकमत झालं. आमच्या सोसायटीतल्या एका गाडीच्या चाकांत लाल कॅलिपर झळकतात. मी कौतुकानं वाकून बघितलं, तर ते नुसतं प्लास्टिकचं टोपण, खऱ्या पंजावर चिकटवलेलं, आणि त्यावर एका नामांकित परदेशी कंपनीचं नाव. मागच्या चाकांना तर डिस्कच नव्हती, ड्रम होते. तिथेही टोपण होतंच. वर या टोपणानं आतली उष्णता कोंडते आणि ते सुटून चाकात गेलं तर निराळाच तमाशा. रंग ही निदान खऱ्या खातेदाराची पल्लेदार सही. टोपण म्हणजे दुसऱ्याच्या नावाची खोटी सही. तिथे चेक परत.

तो शनिवार चौथा होता, बँकेला सुट्टी होती, आणि रविवारी खोपोलीला सुपारी फोडायला जायचं ठरलं होतं. म्हणून आदल्या दिवशीच मी आईला आणि बायकोला घेऊन अक्काकडे निघालो. वडगावहून कान्हे फाटा, तिथून आत वळून टाकवे बुद्रुक, नदी ओलांडली की आंदर मावळ सुरू. अक्काचं गाव टाकव्याच्या पुढे, ठोकळवाडी धरणाच्या वाटेवर. लोणावळ्याला जाणाऱ्या गर्दीला हा रस्ता अजून पुरता सापडलेला नाही. पावसाळ्यात मात्र सापडतो, आणि मग सापडत नाहीत ती माणसं.

दाजी अंगणात बैलांच्या शिंगांना तेल लावत बसले होते. शेजारच्या गावची जत्रा होती आणि त्यांचा बैल गाड्याला पळणार होता. आंदर मावळातली खरी पळणारी गाडी ती ही. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयानं शर्यतींवर बंदी घातली तेव्हा दाजींनी दोन दिवस अन्न गोड मानलं नव्हतं. डिसेंबर २०२१ मध्ये अटी घालून परवानगी मिळाली, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं राज्याचा कायदा मान्य केला, तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले. मला बँकेत प्रमोशन मिळालं तेव्हा त्यांनी 'बरं झालं' एवढंच म्हटलं होतं.

मी त्यांना म्हणालो, "दाजी, पोरगा ब्रेकला रंग देतोय. तुमच्या गाड्याला ब्रेक कुठं असतो?"

दाजींनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "पाव्हणं, गाड्याला बिरेक कशाला? घाट हाय की."

आमच्या पुणे जिल्ह्यात शर्यतीच्या धावपट्टीलाच घाट म्हणतात आणि ती चढाची असते. पुढे घोडी, मागे बैल, भिर्रर्र झाली की काही सेकंदांत बारी संपते. भंडारा उधळतो, घड्याळं बघितली जातात, घाटाचा राजा कोण ते ठरतं. आणि पळून आलेला बैल थांबतो तो कोणी दाबलं म्हणून नाही. समोर चढ असतो म्हणून. आमच्या वाडवडिलांनी थांबायची सोय माणसाच्या पायाखाली न ठेवता जमिनीत ठेवली. माणसावर त्यांचा फार भरवसा नसावा.

"बैल दमला की थांबतो," दाजी म्हणाले. "मानूस दमला तरी थांबत न्हाई. म्हून त्याला बिरेक."

या खोऱ्यात थांबवण्याचा उद्योग तसा जुनाच आहे. टाटांनी आंद्रा नदीचं पाणी ठोकळवाडीला अडवलं, ते कड्यावरून खाली भिवपुरीला सोडलं, आणि १९२२ पासून मुंबईत त्याची वीज जाऊ लागली. कंपनीचं नाव होतं 'आंध्रा व्हॅली'. आंदरचं इंग्रजीत आंध्रा झालं. मुंबईच्या कित्येक चाळकऱ्यांना आपले दिवे तेलुगू मुलखातून पेटतात असं वाटत असणार. पेटत होते ते आमच्या नदीला ब्रेक लावल्यामुळे. त्या ब्रेकलाही कोणी रंग दिलेला नाही, पण पौर्णिमेला त्या पाण्याकडे बघितलं तर तशी गरज वाटत नाही.

भाच्यानं गाडी अंगणात घेतली होती. रंगाचा शेवटचा निर्णय अक्कानं दिला. ती म्हणाली, "पिवळा छान दिसंल रे, हळदीसारखा." भाचा मान हलवून म्हणाला, "आई, पिवळा लावला तर ते खोटं होईल. पिवळा म्हणजे आत सिरॅमिक. आपल्या आत लोखंड आहे." हे ऐकून मला पोराबद्दल एकदम आदर वाटला. माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या उत्पन्नाच्या दाखल्यांत एवढा काटेकोरपणा असता तर बँकांचे निम्मे प्रश्न सुटले असते. लाल रंग कोणीही लावतो, त्यात कसला दावा नाही, म्हणून लाल ठरला. महायोजना त्यानं आधीच सोडली होती. लग्नाचा खर्च हा दुसरा मोठा ब्रेक.

मग चाकांना दगड लावले, जॅक चढवला, पाना फिरला आणि चाक निघालं. तारेच्या ब्रशनं पंजा घासायचा, पॉलिश पेपर मारायचा, पुसून कोरडा करायचा. रबराला, पॅडला आणि ऑइल काढायच्या टोचीला रंग लागू नये म्हणून चिकटपट्टी लावायची. मग उष्णता सोसणाऱ्या रंगाचे दोन हात. मला चिकटपट्टी कापायचं काम होतं. मी ती पट्टीनं मोजून कापली. दुपारपर्यंत चारी चाकं झाली. मागे ड्रमच होते, त्यांनाही एक हात फिरवला; वर टोपण मात्र लावलं नाही.

अर्धा डबा उरला. मराठी घरात उरलेलं टाकत नाहीत.

"मामा, तुमच्या गाडीलाही मारतो."

"माझ्या? अरे, बारा वर्षांची गाडी ती. साठीत मुंडावळ्या कशाला?" असं मी म्हणेपर्यंत जॅक खाली गेलासुद्धा. माझी गाडी छोटी, शहाणी, दर वर्षी सर्व्हिसिंगला जाणारी. मला तिचा अभिमान होता. तिच्या चाकांवर टोप्या होत्या.

चाक निघालं आणि भाचा बोलायचा थांबला. त्यानं बोटानं मला जवळ बोलावलं. आतल्या बाजूच्या पॅडचं अस्तर संपून नुसता पत्रा उरला होता. त्या पत्र्यानं डिस्कवर जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा ओढल्या होत्या. पंजा ज्या खिळींवर सरकतो त्या गंजून धरल्या होत्या, म्हणून आतला पॅड झिजत राहिला आणि बाहेरून बघणाऱ्याला बाहेरचा पॅड ठीक दिसला. मग त्यानं ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आत चहाचा गाळ होता.

"मामा, हे कधी बदललं होतं?"

मी गप्प. सर्व्हिसिंगला गाडी देताना दरवर्षी मीच सांगत आलो होतो, ब्रेक लागतोय, उगाच उघडू नका, बिल वाढतं.

भाच्यानं मला समजावलं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं, आणि आमच्या मावळात हवेला ओलाव्याची काय कमी? डॉट-फोर जातीचं ऑइल ताजं असताना निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओलावा प्यालं की तीच हमी १५५ अंशांवर येते. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. म्हणजे पाय खाली जातो आणि गाडी पुढे जाते. त्यानं मातीत काडीनं हिशेबही मांडला, आणि मी तो तपासला, कारण आकडा तपासल्याशिवाय सही करायची मला सवय नाही. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. एवढं सगळं ब्रेकवर उतरायचं म्हटलं तर ते ताशी साठच्या वेगावरून गाडी पस्तीस वेळा उभी करण्याइतकं होतं. दीड टनाच्या गाडीची ती उष्णता चुलीवर घेतली तर वीसेक लिटर गार पाण्याला आधण येईल. आणि ही उष्णता दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या त्या पत्र्याच्या अंगात शिरणार होती. मागच्या सीटवर आई, अक्का आणि बायको. मांडीवर नारळ, साखरेचे पुडे, सुपारी.

मी अंगणातल्या बाजेवर बसलो. कोणी काही बोललं नाही. अक्कानं पाणी आणून दिलं. भाचा मोटारसायकल काढून वडगावला पॅड आणि ऑइल आणायला गेला.

दाजी शिंगांवरून फडकं फिरवत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "पोळ्याला आमी शिंगं रंगवितो, झूल घालतो. लोकांना वाटतं हौस. पर आदल्या रोजी खांदेमळणी असती न्हवं? खांदा तुपाहळदीनं मळताना जुवाचं घट्टं कळतं. खूर बघितला जातो. वरीसभर राबतोय, पर नटवायला धरल्याबिगर कोन बघतो त्येच्याकडं?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. माझं सगळं तत्त्वज्ञान जॅकवर चढलेलं होतं, चाक काढलेलं. संयम आत ठेवावा, कुणाला दाखवू नये, हे मी म्हणत आलो. पण जे आत ठेवलं ते मी स्वतःही बघितलं नव्हतं. पोरानं हौस केली, आणि हौसेपोटी उघडून पाहिलं. मी साधेपणा केला, आणि साधेपणापोटी झाकून ठेवलं. माझ्या साधेपणात किती साधेपणा होता आणि किती कंजूषपणा, हा हिशेब रात्री दोनपर्यंत जुळला नाही.

मग मी स्वतःच्या बाजूचाही विचार करून पाहिला, कारण आरोपीलाही वकील मिळतो. चांगला ब्रेक मिळाला की माणूस शहाणा होतोच असं नाही. १९८० नंतरच्या दशकात जर्मनीत म्युनिक शहरातल्या काही टॅक्सींना चाकं न घसरू देणारे एबीएस ब्रेक बसवले आणि काहींना जुनेच ठेवले. अपघातांत म्हणण्यासारखी घट झाली नाही. नवे ब्रेक असलेले टॅक्सीवाले वळणं अधिक वेगानं घ्यायला लागले, पुढच्या गाडीच्या अधिक जवळ जायला लागले. ब्रेकनं दिलेली सगळी शिल्लक त्यांनी वेगात खर्च केली. बँकेत आम्ही हे रोज बघतो. अडीअडचणीसाठी म्हणून ओव्हरड्राफ्टची मर्यादा वाढवून द्यावी, तर दुसऱ्या महिन्यात अडचणही तेवढीच वाढलेली असते. तेव्हा लाल पंजा लावून पोरगा घाटात सुसाट सुटला, तर दाजींची खांदेमळणी काय कामाची? या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या दिवशीच मिळणार होतं.

सकाळी दोन गाड्या निघाल्या. मी पुढे, भाचा मागे. माझ्या चाकांच्या टोप्या त्यानं काढूनच ठेवल्या होत्या. आतून लाल पंजे दिसत होते आणि माझी गाडी कुंकू लावलेल्या शाळामास्तरणीसारखी दिसत होती. खंडाळा सोडला आणि उतार लागला. एका वळणावर एक ट्रक कडेला उभा होता. त्याच्या चाकांतून धूर येत होता आणि जळक्या अस्तराचा वास आमच्या गाडीत शिरला. आईनं पदर नाकाला लावला आणि विचारलं, "काय जळतंय रे?" मी म्हणालो, "काही नाही, ट्रक आहे." काल रात्रीपर्यंत हा वास कुठून आला असता, हे तिला सांगायची माझी अजून हिंमत झालेली नाही.

मी गिअर खाली टाकला. इंजिन कुरकुरलं आणि गाडी त्याच्याच ओढीनं संथ झाली. आरशात बघितलं. भाचा मागेच होता. दोन-तीन वेळा सरळ रस्ता मिळाला, पण त्यानं ओलांडलं नाही.

खोपोलीला मुलीच्या वडिलांनी आम्हाला दारातच घेतलं. हे गृहस्थ रेल्वेतून निवृत्त झालेले. बरीच वर्षं कर्जतला घाटाच्या इंजिनांवर होते. कर्जतहून लोणावळ्याला चढणाऱ्या गाडीला मागून रेटायला जी जादा इंजिनं लावतात त्यांना 'बँकर' म्हणतात. म्हणजे गावाचं नाव कर्जत आणि तिथून मागे लागतो तो बँकर! मी माझी ओळख करून दिली तेव्हा ते म्हणाले, "तुम्हीही बँकर, आम्हीही बँकर. आम्ही मात्र वर ढकलत होतो."

त्यांनी भावी जावयाची गाडी फिरून बघितली, वाकून तो लाल पंजा बघितला. भाचा अपेक्षेनं उभा. त्यांनी एवढंच विचारलं, "कितव्या गिअरात उतरलात?"

"तिसऱ्या. अवघड ठिकाणी दुसऱ्या," भाचा म्हणाला. "मामांच्या मागे मागे."

ते हसले. म्हणाले, "मग ठीक. ब्रेकवर उतरला असता तर विचार करावा लागला असता." आणि चहा येईपर्यंत त्यांनी आम्हाला बोरघाट सांगितला. १८६३ साली हा लोहमार्ग सुरू झाला, चढ सदतीसला एक. घाट उतरण्याआधी गाडी मंकी हिलला उभी करून ब्रेक पाहतात, मग ती डेक्कन क्वीन असो की मालगाडी. शिवाय खाली कॅच सायडिंग असतात. मुख्य मार्गातून फुटून डोंगरात चढावर जाणारा आंधळा फाटा. सांधा मुळात त्या फाट्याकडेच लावून ठेवलेला. गाडीनं आधी थांबून दाखवायचं, मगच तिला खालचा रस्ता मोकळा. न थांबली तर ती चढावर जाते आणि चढ तिला थांबवतो.

मी दाजींकडे बघितलं. दाजी म्हणाले, "आमच्या घाटासारखंच की."

सुपारी फुटली. परत येताना मी भाच्याला बाजूला घेऊन विचारलं, "खरं सांग. मी पुढे नसतो तर पळवली असतीस ना?"

तो जरा लाजला. "थोडी पळवली असती. पण मामा, एवढा लाल रंग लावलाय. आता कुठं ठोकली, तर लोक दुप्पट हसतील."

तेव्हा ध्यानात आलं की आपल्या महाराष्ट्रात सगळ्यात जुना ब्रेक हाच, 'लोक काय म्हणतील'. त्यानं कित्येक चांगल्या गाड्याही विनाकारण अडवून ठेवल्या आहेत, पण तो अजून पुरता झिजलेला नाही. लाल रंगानं गाडी थांबत नाही हे खरंच. माझ्या पॅडचं अस्तर चांगलं निघालं असतं, तर मी अजूनही बायकोशी भांडत राहिलो असतो, आणि माझं तत्त्वज्ञान शाबूत राहिलं असतं, हेही खरंच. तेव्हा या वादात माझा पराभव झाला की मी नुसता वाचलो, ते मला सांगता येणार नाही. तूर्त मी एवढंच केलंय की डायरीत दर सहा महिन्यांवर एक तारीख लिहून ठेवली आहे. त्या दिवशी चाक काढायचं.

चाकांच्या टोप्या मी परत लावल्या नाहीत. त्याचा त्रास होतो. परवा कान्हे फाट्याला मी वळायला उभा होतो. शेजारी एक पोरगा मोटारसायकलवर आला. त्यानं माझ्या चाकात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, पुन्हा चाकात बघितलं, आणि मोटारसायकल गुरगुरवून भुवई उडवली. शर्यत लावायची म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदाच मला कोणी त्या लायकीचं समजलं होतं. उजवा पाय क्षणभर शिवशिवला, नाही असं नाही.

मग मी ब्रेकवरच पाय ठेवून बसलो आणि त्याला हातानं खूण केली, तू हो पुढे.